खोट्या काट्यांचे अडीच महिने

मित्रांनो, घड्याळ मागे पडते, पुढे जाते, बंद पडते, हे तुम्ही पाहिलेच असेल. ते त्याचे आजारपण. पण एखाद्या धडधाकट घड्याळाने एका भल्या माणसाशी अडीच महिने, आठवड्यातून तीनदा, त्याच्या तोंडावर खोटे बोलावे, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? ते घड्याळ मी आहे. आता मी म्हातारा झालो. माझ्या चांदीच्या झाकणावरची वेलबुट्टी झिजून सपाट झाली. तरी त्या दिवसांचा धक्का माझ्या चाकांतून अजून गेलेला नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने मला उताणे, पालथे, उभे, आडवे, थंडीत आणि उबेत ठेवून कितीतरी दिवस पारखले आणि मगच माझे झाकण लावले. त्यामुळे मला माझ्या खरेपणाची मोठी ऐट होती. चोवीस तासांत मी अर्धे मिनिटदेखील चुकत नसे.

कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबाच्या खिशातून मी वऱ्हाडात आलो. नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, मी त्याच्या खिशातून निसटलो, फरशीवर पडलो आणि माझी काच फुटली. साहेबाने मला स्टेशनच्या रस्त्यावरच्या रहेमतुल्लाभाईंच्या दुकानात देऊन टाकले. रहेमतुल्लाभाई घड्याळे दुरुस्त करत. एका डोळ्याला भिंग लावून ते मला उघडत, तेव्हा त्यांचा श्वास माझ्यावर पडू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधत. इतकी माया मी पुढे फार थोड्या हातांत अनुभवली.

त्यांच्याकडून मला वामनरावांनी घेतले. वामनराव नांदुऱ्याच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. सडपातळ, ताठ, चाळिशीचे. त्यांच्या मनात एक जुने शल्य होते आणि ते त्यांनी रहेमतुल्लाभाईंना माझ्यादेखत सांगितले. तरुणपणी ते नागपूरला लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावले होते. शेवटचा दीड मैल उरला असताना त्यांना वाटले, आता एक पाऊलही टाकवणार नाही. ते रस्त्याकडेला बसले. दहा मिनिटांनी एक बैल दावे तोडून त्यांच्या अंगावर धावून आला, तर हेच वामनराव बाभळीचे कुंपण ओलांडून शेतभर पळाले!

"रहेमतुल्लाभाई," ते म्हणाले, "पायात बळ होतं. मग मी बसलो का? वीस वर्षं झाली, मी हेच शोधतो आहे. पाय आधी थकत नाहीत. आधी डोकं थकतं, आणि ते नाव पायांचं सांगतं."

ते मला रोज सकाळी सात वाजता चावी देत आणि नांदुरा स्टेशनच्या मोठ्या घड्याळाशी मला जुळवून घेत. जुळवायचे काही नसेच. मी बरोबरच असे.

एकोणीसशे तेहतीसच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नांदुऱ्याच्या फलाटावर इंद्रभान नावाचा एक हमाल होता. वय तेवीस, अंगाने काटक, बोलायला कमी. घरी तो आणि त्याची आई मनकर्णाबाई, दोघेच. एकदा पॅसेंजरमधून उतरलेली एक बाई आपल्या आजारी नवऱ्याच्या औषधांची पिशवी डब्यातच विसरली. गाडी तर सुटली. बाई रडू लागली. इंद्रभानने डोक्यावरचे फडके कमरेला बांधले आणि तो रुळांच्या कडेने पळत सुटला. थेट जलंब स्टेशनपर्यंत! तिथे गाडी इंजिनात पाणी भरण्यासाठी बराच वेळ थांबली होती. त्याने पिशवी काढून घेतली आणि तसाच पळत परत आला. बाईने पिशवी घेतली आणि छातीशी धरली.

हे वामनरावांच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी ते फलाटावर हजर.

"इंद्रभान, मार्चअखेर मोताळ्यापासून राजूरचा घाट चढून बुलढाण्यापर्यंत पंधरा मैलांची शर्यत आहे. पहिले दोघे नागपूरला जातील. साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे धावणारे तिथं येतात. धावशील?"

"पयाले काय लागते मास्तर," इंद्रभान म्हणाला, "पन कोनासाठी पयाचं ते तरी सांगा."

"स्वतःसाठी."

इंद्रभान हसला. स्वतःसाठी पळतात हे त्याने पहिल्यांदाच ऐकले होते. पण तो आला.

आठवड्यातून तीन दिवस, पहाट उजाडता उजाडता, नांदुऱ्यापासून वडनेर भोलजीपर्यंत आणि परत. वामनरावांच्या मापाने हे अंतर जाऊन-येऊन बारा मैल. इंद्रभान अनवाणी धावे. वामनराव मला हातात धरून सायकलवर त्याच्या बाजूने असत. पाय कसे टाकावे हे त्यांनी त्याला कधी शिकवले नाही, ते त्याला येत होते. ते त्याला विचार कसा करावा हे शिकवत. "बारा मैलांचा विचार करू नको. समोरचं बाभळीचं झाड, तेवढंच अंतर आहे, असं म्हण. झाड आलं की पुढचं." कधी म्हणत, "दुखायला लागलं की दुखण्याला नाव दे. हे पोटरीचं, हे भीतीचं. पोटरीचं असेल तर मला सांग. भीतीचं असेल तर त्याला बरोबर घेऊन धाव." मला हे ऐकायला फार आवडे.

पहिल्या दिवशी पंच्याण्णव मिनिटे लागली. महिन्याभरात ब्याऐंशी. आणि मग सगळे तिथेच अडकले. थंडी असो, वारा असो, आदल्या दिवशी विसावा असो नसो, इंद्रभान ब्याऐंशी मिनिटांच्या आत येईना. परतीच्या वाटेवर तो दर मैलाला विचारी, "किती झाले, मास्तर?" वामनराव माझ्याकडे पाहून सांगत. वेळ पुढे असली की इंद्रभानची पावले नकळत सैल पडत, मागे असली की तो जोर करी, आणि शेवटी येऊन थांबे तो बरोबर ब्याऐंशीवर. मी स्वतः चकित झालो. दोन कोस दुरून बैल गोठ्यात यावा तसा तो त्या आकड्यात येऊन उभा राही.

"याच्या पायात शहात्तर आहेत," जानेवारी लागताच एका संध्याकाळी वामनराव रहेमतुल्लाभाईंच्या दुकानात बसून म्हणाले. "पण याच्या डोक्यात ब्याऐंशी बसले आहेत. ते मी सांगून निघत नाहीत." मग त्यांनी मला टेबलावर ठेवले. "याला पुढं पळायला लावता येईल? तासाला पाच मिनिटं?"

रहेमतुल्लाभाईंना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा त्यांनी डोळ्याचे भिंग काढून ठेवले.

"मास्तर, बिघडलेलं घड्याय दुरुस्त करनं माहा धंदा आहे. नीट चालते ते बिघडवाचं म्हनता?"

"कोणाचं नुकसान नाही त्यात. घड्याळ पुढं पळालं की त्याला वाटेल, आपण मागं पडलो. मग तो ब्याऐंशीवर यायला जोर करील आणि खरे शहात्तर धावेल. एकदा धावला की मी त्याला सांगून टाकीन. मग त्याच्या डोक्यातली भिंत कायमची पडेल. दोन आठवडे, रहेमतुल्लाभाई. पोराचं भलं होईल."

रहेमतुल्लाभाईंचा इंद्रभानवर जीव होता. साऱ्या नांदुऱ्यालाच तो नागपूरला जावा असे वाटत होते. त्यांनी नाही म्हटले, पुन्हा नाही म्हटले, आणि तिसऱ्यांदा मला उघडले.

मित्रांनो, माझ्या आत केसाएवढी बारीक एक कमान आहे. तिला घड्याळसाज बालकमानी म्हणतात. माझे हृदयच ते. रहेमतुल्लाभाईंनी चिमट्याने ती पकडली आणि आखूड करून बसवली. तुमच्या छातीतले ठोके कोणी हात घालून वाढवले तर कसे वाटेल? माझी टिकटिक घाईघाईने चालू लागली. मी थांबायचा प्रयत्न केला, पण थांबणे घड्याळाच्या हातात नसते. मला समोरच्या भिंतीवरची दुसरी घड्याळे दिसत होती आणि मी त्या सगळ्यांना मागे टाकून एकटाच पुढे चाललो होतो. मला लाज वाटली. असली लाज मला फुटक्या काचेचीही वाटली नव्हती.

दोन दिवसांनी आम्ही वडनेरच्या वाटेला लागलो. वामनरावांनी मला नुकतेच स्टेशनशी जुळवले होते, त्यामुळे निघताना मी खरा होतो. परत आलो तेव्हा खोटा होतो.

"किती?" इंद्रभानने गुडघ्यांवर हात टेकून विचारले.

"एकोणनव्वद," वामनराव म्हणाले.

इंद्रभानने मान वर केली. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मार खाल्लेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"एकोननव्वद? सात मिनिटं? मास्तर, मी तं रोजच्यासारखाच पयलो!"

"होतं एखादे दिवशी," वामनराव म्हणाले आणि त्यांनी मला पटकन खिशात टाकले.

पुढे जे झाले ते पाहून मी आणखी हबकलो. कारण वामनरावांचे म्हणणे खरे ठरत गेले. इंद्रभान त्वेषाने धावू लागला. सत्त्याऐंशी. पंच्याऐंशी. प्रत्येक आकडा मी फुगवून सांगत होतो आणि प्रत्येक फुगलेल्या आकड्याच्या आत तो खरोखर वेगाने धावत होता. फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी तो आला आणि माझ्या काट्यांवर ब्याऐंशी होते. वामनराव सायकलवरून उतरले. त्यांनी खिशातली वही काढली, हिशेब केला, पुन्हा केला. खरी मिनिटे शहात्तर होती. आपल्या पायांनी कुठवर मजल मारली, हे एकट्या इंद्रभानलाच माहीत नव्हते!

मी मनात म्हटले, आता सांगा, मास्तर. हीच ती वेळ.

इंद्रभान जमिनीवर बसला होता. तो म्हणाला, "दीड महिना मेहनत केली मास्तर, अन् होतो तठीच आलो."

वामनरावांनी वही मिटून खिशात ठेवली. मग ते म्हणाले, "अजून थोडा जोर कर."

मित्रांनो, मला फसवले गेल्याचा पहिला धक्का बालकमानीचा होता. हा दुसरा त्याहून मोठा होता. खोटे दोन आठवड्यांचे ठरले होते. पण ते फळले, आणि फळलेले खोटे सोडवेना. वामनरावांना आता शहात्तरच्या जागी चौऱ्याहत्तर दिसू लागले. ते रहेमतुल्लाभाईंकडे गेले आणि तासाला सात मिनिटांची गोष्ट काढू लागले. रहेमतुल्लाभाईंनी मला हातसुद्धा लावला नाही.

"त्याले सांगतलं का तुमी?"

"शर्यतीनंतर सांगतो. आता सांगितलं तर तो ढिला पडेल."

"मंग माह्या दुकानात हे घड्याय आनू नका. माह्या हातानं एक गुनाह झाला, तेवढा पुरे."

तरी वामनराव तसेच चालवत राहिले, पाच मिनिटांवर.

मार्चच्या सुरुवातीला मनकर्णाबाई वामनरावांच्या घरी आली. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली, आत बोलावले तरी आली नाही. मी वामनरावांच्या सदऱ्याच्या खिशात होतो.

"मास्तर, पोरगं जेवत नाई. म्हनते, अंग जड झालं, म्हनून मागं पडून राह्यलो. एकच भाकर खाते. तुमी सांगतलं तीन दिस, तो रोज पयते. अन् नडगीवर हे एवढी सूज आहे. काल म्या पाह्यलं, एकटाच बसला होता अन् आपल्याच मांडीवर बुक्क्या हानत होता. म्हने, माय, मी वाया गेलो. काऊन असं होऊन राह्यलं मास्तर? तुमाले माहीत असन."

वामनरावांना माहीत होते. मलाही माहीत होते. त्या घरात तेव्हा आम्हा दोघांनाच माहीत होते.

"आठ दिवस विसावा घेऊ द्या त्याला," वामनराव म्हणाले. "आणि दूध द्या." एवढेच. ती गेल्यावर ते भिंतीला डोके टेकून उभे राहिले. पण त्यांनी तिला परत हाक मारली नाही.

नडगीची सूज त्यांनी पाहिली तेव्हा मात्र धावणे बंद केले. त्याच विसाव्यातला एक रविवार होता. वामनरावांचे काही पार्सल मालगाडीने यायचे होते म्हणून ते स्टेशनवर आले. सवयीने त्यांनी मला मोठ्या घड्याळाशी जुळवले. तेवढ्यात पार्सल ऑफिसातून हाक आली. इंद्रभान बाकावर बसला होता. वामनरावांनी मला त्याच्या हातात दिले, म्हणाले, "धर जरा," आणि गेले. कागदपत्रांत काही घोळ निघाला आणि त्यांना उशीर झाला.

इंद्रभानने मला इतका वेळ कधी हातात धरले नव्हते. त्याने झाकण उघडले, कानाला लावले, हसला. मग त्याने सहज समोरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिले. मग माझ्याकडे. पुन्हा वर. मी तीन मिनिटे पुढे होतो.

त्याच्या मनात वामनरावांविषयी शंका आली नाही, हे मला तुम्हाला सांगितलेच पाहिजे. त्याला वाटले, मी बिघडलो. तो काळजीत पडला. मास्तरांचे जीव की प्राण घड्याळ! वामनराव अजून ऑफिसातच होते. मास्तर येण्याआधी दुरुस्त करून आणू, या विचाराने तो लंगडत रस्ता ओलांडून रहेमतुल्लाभाईंच्या दुकानात शिरला.

"चाचा, लवकर पाहा बरं. मास्तरचं घड्याय पुढं पयून राह्यलं. अर्ध्या-पाऊन तासात तीन मिनिटं. माह्या हातात देल्लं अन् बिघडलं."

रहेमतुल्लाभाईंनी मला घेतले नाही. त्यांनी इंद्रभानच्या सुजलेल्या पायाकडे पाहिले.

"बेटा, बस."

"बसाले टाइम नाई, मास्तर येतीन."

"ते तुह्या हातात नाई बिघडलं. म्या बिघडवलं. जानेवारीत."

आणि त्यांनी सगळे सांगितले. शहात्तरही सांगितले. इंद्रभान ऐकत होता, पण त्याची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मित्रांनो, माझ्याकडे हजारो वेळा लोकांनी पाहिले आहे, पण असे कधी नाही. घरचाच दोर समजून हातात धरावा आणि तो साप निघावा, तसे. त्याने मला दगडावर आपटले असते तर मला बरे वाटले असते. त्याने माझे झाकण हळूच बंद केले.

वामनराव धावतच दुकानाच्या दारात आले. आतले दोन चेहरे पाहून ते तिथेच थांबले.

"मास्तर," इंद्रभान म्हणाला. आवाज चढवला नाही. "ते शहात्तर मिनिटं कोन पयलं?"

"तूच धावलास, इंद्रभान. तुझ्याच पायांनी. मी एवढंच..."

"मंग मले काऊन वाटत होतं का मी मरून राह्यलो? लोकं मेहनत करून पुढं जातात, मी मेहनत करून मागं जाऊन राह्यलो, असं वाटे मले. रातच्या जेवनाले मायच्या तोंडाकडं पाहात नव्हतो मी."

"मला वाटलं, तुझ्या डोक्यातली भीती..."

"भीती नव्हती मास्तर डोक्यात. तुमी होते." त्याने मला फळीवर ठेवले. "तुमी म्हनले, दुखलं तं मले सांग. म्या नडगीचं सांगतलं नाई. काऊन का मले वाटलं, हे आळसाचं दुखनं आहे. घड्यायच सांगून राह्यलं होतं नं तसं."

इंद्रभान लंगडत स्टेशनकडे निघून गेला. थोड्या वेळाने रहेमतुल्लाभाईंनी न विचारता मला उघडले, नवी बालकमानी बसवली आणि दोन दिवस भिंतीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिले. मी पुन्हा खरा झालो. पण वामनराव मला न्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

चौदा दिवस इंद्रभान वामनरावांकडे फिरकला नाही. फलाटावर तो वामनरावांना टाळी. वामनराव दोनदा त्याच्या घरी गेले. दुसऱ्यांदा मनकर्णाबाई दारात आली.

"पोरगं आता जेवते," ती म्हणाली. "तुमी कायले आले?"

"माफी मागायला."

"मी इचाराले आली होती तवा सांगाचं होतं." एवढे बोलून ती आत गेली. पण दार तिने लावले नाही. इंद्रभान बाजेवर पाय वर करून पडला होता. तो म्हणाला, "सूज गेली, मास्तर." बस्स. वामनराव उंबऱ्याबाहेरूनच परत आले.

मार्चअखेर शर्यतीचा दिवस आला. वामनराव पंच म्हणून मोताळ्याला गेले होते. इंद्रभान येईल अशी त्यांना आशा नव्हती. पण सुटायच्या ओळीत, चौदा जणांच्या कडेला, तो उभा होता. मागे झाडाखाली मनकर्णाबाई बसली होती. वामनराव त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी मला पुढे केले.

"आता खरं आहे. रहेमतुल्लाभाईंना विचार."

"त्याइनं सांगतलं मले," इंद्रभान म्हणाला. "पन आज मले कोनी काई सांगू नका. किती झाले, किती राह्यले, काईच नाई."

शर्यत सुटली. पंच मोटारलारीतून पुढे गेले आणि वामनराव घाटाच्या माथ्यावर उतरले. आम्ही वाट पाहू लागलो. माझे काटे त्यांच्या तळहातावर होते. पहिला आला तो खामगावकडचा एक पोलीस शिपाई, लांब टांगांचा. मग एक चिखलीचा गडी. इंद्रभान पाचवा-सहावा तरी येईल का, असा विचार करीपर्यंत तो वळणावर दिसला. तिसरा! चेहरा रापलेला, ओठ कोरडे. घाटाचा शेवटचा चढ त्याच्या पावलांवर बसला होता. एका जागी तो जवळजवळ थांबला. मलाही ते ठिकाण ओळखू आले, कारण वीस वर्षांपूर्वी वामनराव अशाच एका ठिकाणी बसले होते.

वामनरावांजवळ सांगायला खरी वेळ होती, आणि ती चांगली होती. एक शब्द टाकला असता तर इंद्रभानला बळ आले असते. पण त्यांनी दात आवळले, मला मुठीत गच्च बंद केले आणि मान दुसरीकडे वळवली. मी अंधारात होतो. मला फक्त पावलांचा आवाज येत होता. तो मंदावला. मग, हळूहळू, पुन्हा लागला. आमच्यासमोरून गेला आणि पुढे बुलढाण्याच्या रस्त्याला लागला.

इंद्रभान दुसरा आला. शेवटच्या मैलात त्याने चिखलीच्या गड्याला गाठले. नागपूरला जाणाऱ्या दोघांत त्याचे नाव लागले. लोक त्याला उचलून घेत होते तेव्हा वामनराव गर्दीबाहेर उभे होते. थोड्या वेळाने तोच त्यांच्याजवळ आला.

"घाटावर मी बसनारच होतो," तो म्हणाला. "मंग पायाले इचारलं, खरंच संपलं का बे? कोनी सांगनारं नव्हतं, म्हनून इचारा लागलं. पाय म्हनले, नाई, अजून आहे थोडं. मी म्हनलं, थोडं असन तं थोडं चाल."

वामनराव भर गर्दीत त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. एका हमालापुढे मास्तर! लोक बघतच राहिले. इंद्रभान गोंधळला. त्याने वामनरावांचे हात धरून खाली केले. मनकर्णाबाईने पदराच्या गाठीतली भाकर काढली, अर्धी लेकाला दिली, आणि थोडे थांबून उरलेली अर्धी वामनरावांच्या हातावर ठेवली.

त्यानंतर इंद्रभान पुन्हा वामनरावांबरोबर धावू लागला, पण एका अटीवर. "आधी मी सांगीन किती झाले ते. मंग तुमी घड्याय काढजा." सुरुवातीला तो पाच-पाच मिनिटांनी चुके. पुढे दोन. नागपूरला जायच्या आधी एका सकाळी तो वडनेरहून परत आला, श्वास घेतला आणि म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर." वामनरावांनी माझे झाकण उघडले. अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडे सेकंद. दोघेही मोठ्याने हसले. माझ्या साऱ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नाही, आणि त्यात माझे काम जवळजवळ काहीच नव्हते!

नागपूरला तो नववा आला. पुढे चार वर्षे धावला, मग फलाटावरचा मुकादम झाला. वामनरावांनी त्यानंतर धावणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतः वेळ सांगायला लावले, आणि हे का, असे कोणी विचारले की ते आपली चूक उघड सांगत. ते गेल्यावर मी त्यांच्या मुलाकडे गेलो, तिथून एका पेटीत. आता मला कोणी चावी देत नाही. माझे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेले आहेत. त्याचे मला फार वाईट वाटत नाही. निदान दिवसातून दोनदा तरी मी खरे बोलतो.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या खोट्यामुळेच इंद्रभान पहिल्यांदा शहात्तरपर्यंत पोहोचला. खरे सांगून तो पोहोचला असता का? मला माहीत नाही. पण त्या शहात्तर मिनिटांत त्याला एक क्षणही सुख झाले नाही, आणि पाय मोडायची वेळ आली तरी तो बोलला नाही, हे मी पाहिले आहे. त्या शहात्तरपेक्षा मला नंतरचे अठ्ठ्याहत्तर मोठे वाटतात.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. तुमच्याबरोबर कोणी धापा टाकत चालले असेल, अभ्यासात असो, शेतात असो, शर्यतीत असो, आणि त्याने मान वर करून विचारले, "किती राहिले?", तर त्याच्या भल्यासाठी म्हणूनही खोटे सांगू नका. त्याला पाणी द्या, आणि जेवढे उरले आहे तेवढेच सांगा.